सावडीचं आमेन

“हे दयाळू पित्या,” आमचे हे डोळे गच्च मिटून म्हणाले, “ज्या बहिणीला तू बोलण्याचं दान जरा सढळ हातानं दिलं आहेस, तिला चहात साखर किती घालावी याचंही ज्ञान दे. तुझ्या सेवकाला मधुमेह आहे, हे तू जाणतोस. तीही जाणते.”

“आमेन,” चटईवरच्या बायका म्हणाल्या.

मग माझी वेळ आली. मीही डोळे मिटले आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

“प्रभू, जो सेवक सकाळी राहेलबाईच्या घरी दोन सीताफळं फस्त करतो आणि दुपारी बायकोच्या चहाला नावं ठेवतो, त्याच्या पोटातलं तुला सगळं दिसतं. त्याला खरं बोलायची शक्ती दे.”

“आमेन!” हे आमेन जरा मोठ्यानं आलं. मागे कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं.

धामणटाकळीत आमचं भांडण हे असं चालायचं. आमच्या चर्चच्या मंडळानं आम्हाला तिथं ‘ज्येष्ठ सेवक दांपत्य’ म्हणून पाठवलं होतं, पावसाळा सरता सरता, सुगीचा सण होईपर्यंत. निवृत्त, धडधाकट आणि एकमेकांशी प्रेमानं वागणारं जोडपं पाहिजे, अशी मंडळाची अपेक्षा होती. निवृत्त आम्ही होतोच. बाकीचं मंडळानं आमच्या चेहऱ्यावरून ठरवलं असावं.

ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला आमचं घर. दोन खोल्या, वर पत्रे, खिडक्यांना गज होते पण झडपा नव्हत्या. आत आवाज जरा चढला की समोरच्या ओट्यावर बाजरी पाखडणाऱ्या बायकांची सुपं थांबायची. आदर्श जोडप्याला भांडायची सोयच नव्हती. शेवटी ह्यांनीच वाट काढली. एका दुपारी प्रार्थनेत त्यांनी माझ्या घोरण्याबद्दल देवाकडे दाद मागितली. देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. मी दात-ओठ खात माझा नंबर येईपर्यंत थांबले आणि मग त्यांच्या कवळीबद्दल प्रार्थना केली. तेव्हापासून हा पायंडा पडला.

ह्यांचं नाव शमुवेल भांबळ. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतर पुण्यात त्यांचे फार हाल झाले. खायचे-प्यायचे नाहीत, कुणी विचारत नसल्याचे. सोसायटीच्या सभेत ते बोलायला उभे राहिले की लोकांना नेमके फोन यायचे. चर्चमध्ये त्यांना रविवारी चपला नीट लावायच्या कामावर नेमलं होतं. आणि इथे धामणटाकळीत लहानथोर त्यांना ‘सायेब’ म्हणत होतं. ते घडीची खुर्ची अंगणात टाकून बसले की जाणारा-येणारा सलाम करून जायचा. माणूस महिन्याभरात पाच वर्षांनी तरुण दिसायला लागला.

रोज दुपारी चार वाजता ते स्वतः प्रार्थनाघराची घंटा वाजवायचे. चार का, तर ह्यांना साडेसहाला जेवायचं असायचं, जेवणाआधी इंजेक्शन, त्याआधी पाय मोकळे करायचे. देवाची वेळ ह्यांच्या साखरेवर बसवली होती. मी म्हटलं, “अहो, लोक शेतात असतात चारला.”

“देवाला दिवसातला चांगला वेळ द्यावा, एस्तेर. उरलासुरला नाही.”

आणि लोक येत होते, हे मला कबूल करायला हवं. सुरुवातीला मोजक्या बायका यायच्या. मग एक चटई कमी पडायला लागली, मग दोन. ऑक्टोबरात ऊन असं तापलं की पत्र्याखाली डोकं भणभणायचं, तरी बायका दाटीवाटीनं बसत. हातांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, केसात पाचोळा. ह्यांनी त्यांना आळस या विषयावर चार दिवस प्रवचन दिलं. पहाटेपासून वाकून कापूस वेचलेल्या बायकांनी ते मान डोलावत ऐकलं.

“इथे काहीतरी घडतंय,” हे रात्री जेवताना म्हणायचे. “तुला जाणवतंय ना? पवित्र आत्मा काम करतोय.”

मला जाणवत होतं ते वेगळंच. पुण्यात आमची रिबा, एकुलती एक लेक, लग्नानंतर अकरा वर्षांनी गरोदर होती. दिवस नाताळाच्या सुमाराचे होते. ऑक्टोबरच्या मध्याला तिचा फोन आला. डॉक्टरांनी तिला अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही.

“आई, सण झाला की येतेयस ना?”

“येतेय म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी एसटीत बसते.”

मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे खिडकीपाशी उभे होते. बाहेर तुरीला पिवळी फुलं आली होती, तिकडे बघत म्हणाले, “मी काय म्हणतो, एस्तेर, आपण वर्षभर थांबू या.”

“कुठे?”

“इथेच. सणाला रेव्हरंड सरोदे येतील मंडळातर्फे. वेदीपुढे उभा राहून मी शब्द देणार आहे. लोकांना अशा वेळी सोडून जायचं म्हणजे...”

“आणि रिबा?”

“तिच्याजवळ देव आहे.”

“देव डबा करून देत नाही,” मी म्हटलं. “वेणी घालून देत नाही. बेडपॅन उचलत नाही.”

“हळू बोल. खिडकी उघडी आहे.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वेदीपुढे दिलेला शब्द आमच्यात मागे घेत नाहीत. लग्नाचा घेत नाहीत तसाच. एकदा हे चार लोकांसमोर बोलले की मी अडकले. मी एकटी निघून गेले असते, पण सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन मी टोचायचे. सुई पाहिली की ह्यांना घेरी येते. आळशी माणसावर प्रवचन देताना येत नाही.

त्या दिवशीपासून मी प्रार्थनेत कंबर कसली.

“प्रभू, ज्या बापाला पोटच्या पोरीपेक्षा घडीची खुर्ची प्रिय झाली, त्याला जागं कर.”

“आमेन!”

“पित्या, ज्या स्त्रीनं तुझ्या सेवेच्या नांगराला हात घातला आणि आता मागे वळून पाहते आहे, तिला धीर दे.”

“आमेन!”

“प्रभू, नांगर ज्यानं धरलाय त्यानं आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा जगवली नाही, हे तू जाणतोस.”

“आमेन! आमेन!”

गर्दी आणखी वाढली. पुरुषही यायला लागले, दाराबाहेर उकिडवे बसायचे. ह्यांना वाटलं, मोठी जागृती होतेय. सणाला काय बोलायचं, ते हे आरशापुढे पाठ करायला लागले.

सण दोन दिवसांवर आला असताना मी हातपंपावर गेले होते. तिथे राहेलबाई आणि तिची भावजय शीलाबाई यांची चांगलीच जुंपली होती. राहेलबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात वडील बाई. हाडं-कातडं राहिलेली, पण आवाज असा की पलीकडच्या शिवारात माणूस वळून बघेल. मी येतेय हे दोघींना दिसलं नव्हतं.

“आज तुझा लंबर हाय,” राहेलबाई म्हणत होती. “मी काल बसले.”

“माझा कापूस लोंबायलाय, आक्का! उद्या वारं सुटलं तर सगळा मातीत जाईल. तुमी बसा, मी तुमच्या दोन पाती वेचून देते.”

“तू मागल्या खेपंलाबी असंच म्हनलीस. दीड पात वेचलीस.”

“कशाचा नंबर गं?” मी विचारलं.

शीलाबाईनं कळशी उचलली आणि अर्धी भरलेलीच घेऊन पळाली. राहेलबाई तशी पळणारी नव्हती. तिनं तोंडावरून पाण्याचा हात फिरवला.

“परार्थनेचा,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बसा बाई. उभ्यानं सांगण्यासारखं न्हाई.”

आम्ही पंपाच्या कट्ट्यावर बसलो. तिनं सांगितलं ते मी अजून विसरले नाही. गेल्या साली मंडळानं असंच एक म्हातारं जोडपं पाठवलं होतं. फार गोड माणसं. त्यांचीही वेळ दुपारचीच. सुगीचे दिवस, शेतात माणूस पुरेना, कोण येणार? ते म्हातारबाबा रोज घंटा वाजवायचे आणि रिकाम्या चटईपुढे उभं राहून वाचायचे. बाई दारात उभी राहून वाट बघायची. एक दिवस ती बाई घरोघर फिरली आणि प्रत्येकाच्या ओट्यावर बसून रडली.

“आमाला कसंतरीच झालं बाई. म्हातारी मानसं, लेकरंबाळं सोडून आलेली. मंग आमी बसून ठरिवलं, सावड करायची.”

सावड मला माहीत होती. माझ्या माहेरी शेती होती. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, कामाची फेड कामानं. धामणटाकळीनं त्या हिशेबात प्रार्थनाही बसवली होती. चार बायकांनी चटईवर बसायचं, त्यांच्या वाटणीच्या पाती, म्हणजे कापसाच्या ओळी, बाकीच्यांनी वेचायच्या.

“म्हणजे आमची सेवा तुम्ही सावडीनं करताय?”

“सेवा कुनी कुनाची केली ते देव बघंल. तुमाला वाईट वाटू नये, येवढंच.”

“पण चार कुठे? आता तर बसायला जागा नसते.”

राहेलबाईनं पहिल्यांदा नजर चुकवली. मग तिचे खांदे हलायला लागले. तोंडाला पदर लावून ती बराच वेळ हसली.

“ते लंबराचे न्हाईत,” ती म्हणाली. “ते तुमचं भांडन ऐकाया येतेत. गेल्या सालचं जोडपं लई गोड बोलायचं, झोप यायची. तुमचं बरं हाय. कवळीच्या दिवशी तर आमच्या मालकाला हसून उचकी लागली. रातभर.”

मी कट्ट्यावर बसून राहिले. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या खाली एक दुष्ट आनंद होता. हातात शस्त्र आलं होतं. घरी जाऊन एक वाक्य बोलायचं: अहो, तुमचा आत्मा कापसाच्या पातींवर चाललाय. संध्याकाळपर्यंत बॅगा भरून झाल्या असत्या.

“मी ह्यांना सांगू का?” मी विचारलं.

“सांगा की. नवरा तुमचा हाय.” तिनं कळशी डोक्यावर ठेवली. “पर मंग तेबी रडत फिरतील घरोघर. बाईचं रडनं बघवतं. सायबाचं बघवायचं न्हाई.”

मी घरी गेले. हे आरशापुढे उभे होते. स्वच्छ सदरा, हात पुढे केलेला. “बंधूंनो आणि भगिनींनो, आम्ही तुम्हाला सोडून जाणार नाही,” असं आरशाला सांगत होते. चपला लावणारा माणूस हा. त्या आवाजात मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा बोलताना ऐकलं होतं, नंतर कधी नाही. माझ्या तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. फार कडू लागलं. मग रिबाची आठवण आली आणि दुप्पट कडू लागलं. त्या दुपारी प्रार्थनेत मी गप्प राहिले. बायका हिरमुसून घरी गेल्या.

सणाच्या दिवशी प्रार्थनाघर झेंडूनं सजलं होतं. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, सीताफळांच्या पाट्या, आणि एका टोपलीत पांढराशुभ्र कापूस. रेव्हरंड सरोदे पुण्याहून आले होते. गरगरीत गृहस्थ, हातात रुमाल. गर्दी पाहून त्यांनी ह्यांची पाठ थोपटली. “भांबळसाहेब, कमाल केलीत! मंडळाला हे सांगायलाच हवं.” हे हरभऱ्याच्या झाडावर आधीच होते, आता शेंड्याला पोचले.

गीतं झाली, वाचन झालं. रेव्हरंड म्हणाले, “आता भांबळसाहेबांना काही महत्त्वाचं बोलायचं आहे. त्याआधी मंडळीतल्या कुणीतरी प्रार्थना करावी.”

मी डोळे मिटले. माझ्याकडे आता मागायला शब्दसुद्धा उरले नव्हते. रिबाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात राहेलबाईचा आवाज उठला.

“देवा बापा! तू आमाला पीक दिलंस, तुजे उपकार. सायेब आनी बाईसायेब दिलेस, त्येचेबी उपकार. सायबानं लई जीव लावला. पर देवा, त्यांची लेक तिकडं आथरुनाला खिळलीय. पैलटकरीन हाय. तिला माय पायजे. आनी आमचा कापूस फुटलाय, देवा, वावरं पांढरी झालीत. चारची घंटा झाली की निम्म्या बाया उठतेत, उरलेल्यांला हात पुरंनात. आमी सावड केली, कुरकुर न्हाई केली. आता सायबास्नी त्यांच्या घरी धाड आनी आमाला आमच्या वावरात धाड. येशूच्या नावानं.”

“आमेन!”

असं आमेन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बायका म्हणाल्या, पुरुष म्हणाले, दाराबाहेरचे उकिडवे बसलेले म्हणाले. वरचे पत्रे झणझणले. रेव्हरंडांच्या हातातला रुमाल पडला. त्यात कुणाचा राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. मनापासून एकमतानं मागितलेली ती धामणटाकळीची त्या सुगीतली पहिली प्रार्थना होती.

मी डोळे उघडले. हे उभे होते. बोलायला आधीच पुढे केलेला हात तसाच पुढे. ते शेतकऱ्याचे नातू होते, सावड म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता हा माणूस खाली कोसळणार. मी अर्धी उठलेसुद्धा.

त्यांनी घसा साफ केला. मग हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “आमेन.” आणि खाली बसले.

रेव्हरंड वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी आशीर्वाद देऊन टाकला.

घरी आल्यावर ह्यांनी खुर्चीची घडी घातली आणि भिंतीला टेकवली. जेवताना एकच विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“परवापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही आरशाशी बोलत होतात,” मी म्हटलं. “मध्ये तोडता आलं नाही.”

त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळला.

दुसऱ्या दिवशी एसटी दुपारची होती. सकाळी उठून बघते तर हे घरात नाहीत. इंजेक्शनसुद्धा घेतलं नव्हतं. मी तशीच बाहेर पडले. राहेलबाईच्या वावरात बायकांचा घोळका उभा होता आणि सगळ्या पोट धरून हसत होत्या. मध्ये आमचे हे, एका हातात छत्री, कमरेला माझी जुनी साडी ओटीसारखी बांधलेली, आणि दुसऱ्या हातानं कापूस वेचताहेत. वेचताहेत कसला, उपटताहेत. बोंडाबरोबर पाला, काटक्या, सगळं ओटीत.

“सायेब, ऱ्हाऊ द्या वो!” शीलाबाई ओरडली.

“नाही. सावड आहे. फेडायला नको का?” हे ताठ उभे राहिले, कमरेत कळ आली, पुन्हा वाकले.

राहेलबाई माझ्याजवळ आली. ह्यांनी वेचलेल्या ढिगाकडे तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“बाई, येवढा पाला निवडायला मला दोन दिस लागतील,” ती कुजबुजली. “पर सांगू नका. फेडू द्या त्येन्ला.”

एसटीत हे खिडकीपाशी बसले होते. बोटं रक्ताळलेली. मी इंजेक्शन काढलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी तोंड फिरवलं नाही.

नात झाली, नाताळाच्या आदल्या दिवशी. आता ती शाळेत जाते. हे ऐंशी पार झाले आणि गुडघ्यांनी दोघांनाही घरात बसवलं. दर गुरुवारी आमच्या चर्चमधून कुणी ना कुणी जोडपं आम्हाला भेटायला येतं, दर वेळी वेगळं. सकाळपासून हे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतात आणि मला विचारतात, “आज कुणाचा नंबर गं?”

परवाच्या गुरुवारी आलेलं जोडपं फारच तरुण होतं. तो कंपनीतून थेट आलेला, गळ्यात अजून ओळखपत्र. तिच्या पिशवीतून पालेभाजी डोकावत होती. ह्यांनी त्यांना पाटबंधारे खात्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. दोघांनी मान डोलावत ऐकलं. मी ते मान डोलावणं ओळखलं. पत्र्याखाली, ओरखडे पडलेले हात मांडीवर ठेवून बसलेल्या बायकांचं मी ते पाहिलं होतं.

“काकू, तुम्ही प्रार्थना करता का?” मुलीनं विचारलं. तिचा डोळा घड्याळाकडे होता, पण आवाज फार गोड होता.

मी पदर डोक्यावर घेतला.

“देवा बापा,” मी म्हटलं, “तू ही लेकरं पाठवलीस, तुझे उपकार. त्यांनी लई जीव लावला. आता त्यांना त्यांच्या घरी धाड. भाजी निवडायची राहिलीय.”

मग शेजारून, कवळी हलेल इतक्या मोठ्यानं, ह्यांचं आमेन आलं.